मागची कोरी बाजू

इंगळे सरांच्या शोकसभेत मी चांगली बोलले, असं सगळे म्हणाले. सकाळच्या गाडीनं अकोल्याहून अमरावतीला आले होते. हातात मुद्द्यांचा कागद होता आणि बोलायची मला सवय आहे. चौकात, कॉलेजच्या गेटवर, जत्रेत, माईक असो नसो. सरांनी भर गर्दीत उकळत्या तेलात हात कसा घातला, ते मी सांगितलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजल्या.

शेवटच्या रांगेत एक धोतरवाले म्हातारे बसले होते. त्यांनी वाजवल्या नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या कागदाची घडी डोकावत होती. तो कागद मी मंचावरून ओळखला. माझंच पत्रक होतं ते. कागदावरचा पुढचा मुद्दा मी घाईनं उरकला आणि खाली बसले.

तिथं जे वगळलं ते इथं लिहिते आहे. वगळणं हा माझा जुना रोग आहे, हे पुढं कळेलच.

इंगळे सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेत त्यांना कुठलंही पद नव्हतं. अध्यक्ष बदलत, सचिव भांडून जात, सर मात्र पत्र्याची पेटी घेऊन हजर असत. पेटीत थर्मामीटर, लोहचुंबक, कापूर, लिंबं, दोरा. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी ते कशालाही लावत. कुणी बोट दाखवून "एवढा मोठा साप" म्हणालं की सर पट्टी काढत, "कितीसा?" माझं कुठलंही नवं पत्रक हातात आलं की आधी मथळ्याला पट्टी लागायची. "अडीच सेंटिमीटर. आन् पुरावा? पुराव्याले भिंग लागते, पत्रकवाली."

मला ते पत्रकवालीच म्हणत. वर्गात, सभेत, फोनवर, सगळीकडे अस्सल वऱ्हाडी. पुण्याहून आलेल्या एका वक्त्यानं एकदा त्यांना विचारलं, "सर, तुम्ही व्याख्यानातही असंच बोलता?" सर म्हणाले, "गुरुत्वाकर्षण तं काही म्हणत नाई बाप्पा."

ते तेलाचं प्रकरण बडनेऱ्याच्या बाजूचं. एक महाराज उकळत्या कढईत हात घालून भजी काढत आणि प्रसाद म्हणून वाटत. आम्ही घोषणा देत पोचलो. सरांनी आम्हाला गप्प केलं, रांगेत उभे राहिले, प्रसादाचं भजं घेतलं, दोन बोटांनी फोडलं आणि हुंगलं. मग शांतपणे पुढं जाऊन कढईत हात घालून दुसरं भजं काढलं. लोक ओरडले. सर म्हणाले, "काही झालं नाई. तेल कोमट हाय. खाली लिंबाचा रस हाय, तो आधी उकळते, वर बुडबुडे दिसतात. मले शंका कशानं आली? भजे कच्चे हायेत!" लोक इतके हसले की महाराजांना चिडायलाही वेळ मिळाला नाही.

शोकसभेत मी इथंच थांबले होते. पण सर तिथं थांबले नव्हते. परत येताना जीपमध्ये मी "देवाचा धंदा बंद" असा मथळा जुळवत होते. सर म्हणाले, "आज एक कढई खोटी निंगाली. देवाचं काही निंगालं नाई, खरं बी नाई आन् खोटं बी नाई. तू कढईएवढंच लिह."

हे मला सहन व्हायचं नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझ्या मावसबहिणीचा ताप उतरवायला मांत्रिक आणला होता आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. ती वाचली, पण एका कानानं ऐकू येत नाही. तो कान मनात ठेवून मी पत्रकं लिहीत होते. असल्या कामात शब्द मोजत बसणारा माणूस मला भित्रा वाटायचा.

अकोल्याच्या अभ्यासवर्गात मी एकदा ठणकावून म्हणाले, "निसर्गापलीकडे काहीही नाही, हे विज्ञानानं सिद्ध केलेलं आहे."

सर मागून म्हणाले, "कोणत्या प्रयोगात वं?"

"सगळ्याच प्रयोगांत."

"एकच सांग. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. लिहून घेतो." आणि खरंच वही काढली. वर्ग हसला. मी पुढचे दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही.

ते अबोला मानतच नसत. त्यांनी आम्हा आठ-दहा जणांना वरूडला नेलं, संत्र्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये. तिथं संत्री पट्ट्यावरून सरकत येतात आणि लहान-मोठ्या भोकांतून आपापल्या खणात पडतात. सर बराच वेळ बघत राहिले. मग मशीनवाल्याला म्हणाले, "यातलं गोड कोणतं हाय, भाऊ?"

मशीनवाला म्हणाला, "सर, हे मशीन हाय. जीभ नोहे."

सर इतके खूष झाले की त्याला मिठी मारायचीच बाकी होती. तिथंच पेट्यांच्या ढिगावर बसून ते आम्हाला म्हणाले, "पाहा. हे मशीन चुकून राहिलं का? बिलकूल नाई. साइज बरोबर सांगते. आपलं विज्ञान असंच. नैसर्गिक कारण शोधाचं, दुसरं कोणतंच हिशेबात धराचं नाई, हा आपला कामाचा नियम. लय भारी नियम हाय. यानंच ताप उतरते, यानंच पूल उभा राहते. पण समजा, गोडीसाठी खण ठेवलाच नाई, आन् संध्याकाळी म्हणलं, पाहा, दिवसभरात गोडी एकदा बी निंगाली नाई, म्हणजे गोडी नसतेच. तं हे मशीन नाई बोलून राहिलं. मशीनवाला बोलून राहिला."

"म्हणजे देव आहे, असं म्हणता तुम्ही?" मी विचारलं.

"मी म्हणलं का? मी इतकंच म्हणतो, कोणत्या चाळणीतून चाळलं ते सांग. मंग काय सापडलं ते सांग."

त्या दिवसापासून पोरांनी त्यांना 'चाळणी सर' नाव पाडलं. त्यांना ते आवडलं. मला आवडलं नाही, कारण येताना गाडीत मी विचार करत होते आणि उत्तर सापडत नव्हतं. उत्तर सापडलं नाही की मी चिडते.

त्याच चिडीत मी एक हलकट काम केलं. अमरावतीत एका गुरुवारी मला सर देवळाच्या दाराशी दिसले. हात मागं बांधून, चपलांच्या ढिगाजवळ उभे. मी थेट बैठकीत विषय काढला. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते देवळात काय करतात, याचा खुलासा झाला पाहिजे.

सर उठून उभे राहिले, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे. म्हणाले, "मायी बायको दर गुरुवारी जाये. मी आत जात नसो. तिच्या चपला सांभाळो. एकदा चोरीले गेल्या होत्या, तवापासून. ती जाऊन दोन वर्षं झाले. मी अजून जातो. अर्धा घंटा उभा राहतो. आता चपला कोनाच्या सांभाळतो ते मले बी मालूम नाई."

मीच बोलले. "सर, ही फक्त मेंदूची सवय आहे. तुम्हीच शिकवलंत."

"असन. मोजा. नाडी पाहा, मेंदूचा फोटो काढा, मी टोपी काढून बसतो. मी काहून जातो ते त्यात सापडन आन् ते खरंच असन." मग ते माझ्याकडे वळले. "पण मी जावं का नाई, हे त्या फोटोत नसन, पत्रकवाली. ते मलेच ठरवा लागन."

बैठकीच्या वृत्तांतात मी लिहिलं, 'खुलासा झाला.'

एवढं सगळं होऊनही सर मला टाळत नसत. उलट तुळशीरामभाऊंचं काम त्यांनी मला सोबत घेऊन केलं.

तुळशीराम धोटे शेंदूरजनाघाटच्या पुढं एका खेड्यात राहतात. ते पानाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून बगीच्यातून चालायचं. जिथं नारळ उभा राहील तिथं बोअर घ्यायचा. तिकडं संत्र्याच्या झाडांना पाणी नसलं तर वर्षांची मेहनत वाळते, त्यामुळं असल्या माणसाला मान मोठा. तुळशीरामभाऊ उपाशीपोटी येत, चहाही घेत नसत. एका बागाईतदाराचा बोअर कोरडा गेला आणि तक्रार आमच्याकडे आली. मी म्हणाले, चला, उघडं पाडू. सर म्हणाले, आधी त्यांना विचारू.

ते खरंच जाऊन विचारून आले. तीन चकरा मारल्या. तुळशीरामभाऊ तयार झाले ते सरांच्या एका पद्धतीमुळं. सर कुठल्याही चाचणीच्या आधी एक कागद करत. पहिला भाग, 'यातून काय ठरेल'. दुसरा भाग, 'यातून काय ठरणार नाही'. दोन्ही भाग मोठ्यानं वाचायचे, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या, मगच चाचणी.

तुळशीरामभाऊंनी दुसरा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "मायं नाव छापा. हरलो तरी छापा. पण दोनी भाग छापा."

सर म्हणाले, "दोनी छापू. ही पोरगीच छापते." मी मान हलवली.

दुसरा भाग चार ओळींचा होता. 'या चाचणीतून तुळशीराम धोटे खोटं बोलत होते, असं ठरत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते आम्ही तपासलेलं नाही. डोळे बांधल्यावर नारळ पुन्हा त्याच जागी उभा राहतो का, एवढंच पाहिलं. याखेरीज जगात काय असेल-नसेल, त्याबद्दल ही चाचणी गप्प आहे.'

चाचणी त्यांच्याच बगीच्यात झाली. डोळे उघडे असताना नारळ दर वेळी बांधाजवळच्या एकाच जागी उभा राहिला. मग सरांनी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, दंडाला धरून स्वतः दहा वेळा फिरवलं. जिथं नारळ उभा राहिला तिथं मी चुना टाकत गेले. गाव बघत होतं. दहा फेऱ्या संपल्या आणि पट्टी सोडली. दहा खुणा बगीचाभर विखुरल्या होत्या. एकही बांधाजवळ नव्हती.

तुळशीरामभाऊ एकेका खुणेजवळ जाऊन उभे राहिले. सगळ्या दहा. मग सरांकडे आले. नारळ अजून हातातच होता.

"म्हणजे हे मीच करून राहिलो काय, सर?"

"हात करते, भाऊ. तुमाले न सांगता करते. माया बी करन."

"बत्तीस वर्षं झाले."

"हो."

"मले खरंच वाटे."

"मले मालूम हाय," सर म्हणाले आणि त्यांच्या हातातला नारळ काढून आपल्या पेटीत ठेवला. दोघं झाडाखाली बसून बराच वेळ मशागतीबद्दल बोलत होते. मी फोटो काढत होते.

पत्रक मी त्याच रात्री लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीत रफिकभाईंच्या प्रेसवर गेले. आमची सगळी पत्रकं तेच छापत. मथळा होता, 'भोंदू पानाड्याचा नारळ फुटला!' रफिकभाईंनी मजकूर स्क्रीनवर बसवला आणि चष्मा वर केला.

"बेटा, नीचे चार लाईन ज्यादा हो रही. हेडिंग जरा छोटी करू का?"

"हेडिंग तशीच ठेवा."

"मग?"

मी चार ओळी निवडल्या. कुठल्या, ते सांगायला नको. निवडायला वेळही लागला नाही. मला त्या नकोच होत्या. लोक एवढ्या कष्टानं एका बाजूला आलेत आणि आपणच 'पण' लावून त्यांना परत पाठवायचं, असं मला वाटत होतं. जागा नाही हे निमित्त मिळालं आणि मी ते घेतलं. रफिकभाई म्हणाले, "सरांना विचारलं ना?" मी म्हणाले, "हो." हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पत्रक तुळशीरामभाऊंच्या गावच्या चौकात वाटलं गेलं, त्याचा फोटो गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. चळवळीत माझं कौतुक झालं. आठवड्यानं तुळशीरामभाऊंच्या सुनेचा फोन आला. भांडली नाही. म्हणाली, "ताई, बाबा घराबाहेर निंगत नाईत. रोज सकाळी कोनीतरी दारात फुटका नारळ आणून ठेवते. बाबा म्हणतात, सरांनी कागदावर लिहून देल्लं होतं. तो कागद कुठी हाय, एवढंच सांगा."

मी म्हणाले, बघते.

त्या संध्याकाळी सरांनी घरी बोलावलं. टेबलावर माझं पत्रक होतं. शेजारी पट्टी. मथळा मोजून झाला असावा. त्यांनी पत्रक उचललं, पूर्ण वाचलं, शेवटची ओळ आली तसं सहज उलटलं.

मागची बाजू कोरी होती.

"दुसरा भाग इकडं असन वाटलं मले," ते म्हणाले.

"सर, जागा नव्हती."

त्यांनी पट्टी घेतली आणि कोरी बाजू मोजली. आधी लांबी, मग रुंदी. आकडे मोठ्यानं सांगितले नाहीत. मला आजही वाटतं, त्यांनी तेव्हा ओरडायला हवं होतं.

"सर, चळवळीच्या दृष्टीनं..."

"तू तपासलं का, त्याच्या मनात काय होतं? भोंदू लिहिलं तू. कोणत्या चाळणीनं चाळलं?"

मी पत्रक पुन्हा छापील बाजूवर उलटलं.

"तो मांत्रिक बी असंच करते वं. जे पाहिलं नाई ते पाहिलं म्हणून सांगते." एवढं एकच कठोर वाक्य ते माझ्याशी बोलले. मग आवाज उतरवून म्हणाले, "रविवारी माया संग चाल. त्याच चौकात उभी राह आन् दुसरा भाग वाच."

"मी माफी मागणार नाही. संघटनेचं हसं होईल."

"माफी कोन मागते? उरलेलं वाच फक्त. चार ओळी हायेत."

मी म्हणाले, कार्यक्रम आहे रविवारी. खरं तर नव्हता. मी निघताना ते दारापर्यंत आले आणि विचारलं, "पत्रकं किती उरले?" दुसऱ्या दिवशी मी उरलेले गठ्ठे कुणाच्या तरी हाती पाठवून दिले. स्वतः गेले नाही.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत कळलं. सर दर रविवारी एसटीनं वरूडला, तिथून पुढं त्या खेड्यात जायचे. चौकात उभे राहून दुसरा भाग वाचायचे. पहिल्यांदा पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तुळशीरामभाऊ त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले म्हणे. दारातले नारळ थांबले. कधी थांबले ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. सरांना धाप लागायची, हे मात्र माहीत होतं. कार्यकर्त्यांचे मला फोन यायचे, 'सरांना सांगा, उन्हात फिरू नका.' मी म्हणायचे, सांगते. उन्हाळा संपायच्या आत ते घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

शोकसभेच्या दिवशी तुळशीरामभाऊंच्या खिशातल्या कागदाची घडी उलटी होती. छापलेली बाजू आत, हातानं लिहिलेली बाहेर. सभा संपल्यावर ते माझ्याजवळून गेले. थांबले असते तर मी काय बोलले असते, कुणास ठाऊक. ते थांबले नाहीत. सरांच्या फोटोपुढं त्यांनी नमस्कार केला नाही, फूलही वाहिलं नाही. दाराशी गेले आणि चपलांच्या ढिगाजवळ हात मागं बांधून उभे राहिले, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत. सरांनी त्यांना चपलांचं ते कधी सांगितलं असेल, त्या झाडाखाली की नंतरच्या एखाद्या रविवारी?

सरांना मी शेवटचं पाहिलं ते वरूडच्या स्टँडवर. एप्रिलमधला रविवार होता. मला पुढं एका गावात व्याख्यान होतं, या वेळी खरंच होतं. विषय होता 'वैज्ञानिक दृष्टिकोन'. आमची बस दहा मिनिटं थांबली. मी खिडकीशी होते. समोरच्या बाकावर सर बसले होते. टोपी, पेटी पायाशी, कापडी पिशवी शेजारी. मांडीवर पेटीचं झाकण ठेवून त्यावर पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा उलटा ठेवलेला. एकेक कागद घ्यायचे, कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहायचे, फुंकर मारायचे, बाजूला ठेवायचे. अक्षर वर्गात फळ्यावर असायचं तसंच, सुटं सुटं. पेन चालेना तेव्हा त्यांनी तो झटकला, आणि झटकताना वर बघितलं.

मी दिसले त्यांना. हात केला नाही, हाकही मारली नाही. नुसतं बघितलं. मग शेजारची कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

कंडक्टर खाली चहा पीत होता. दार उघडं होतं. माझ्या पिशवीत पेन होता.

बस हलली तेव्हा ती जागा तशीच होती. सर पुन्हा लिहायला लागले होते.